आत्याचे अहो

आत्या गेली तेव्हा तिच्या धाकट्या भावानं, म्हणजे आमच्या अण्णाकाकांनी, धायरीच्या चौकात फ्लेक्स लावला. वर ‘प्रेमळ, मनमिळाऊ, मातृतुल्य’ असे तीन शब्द, मध्ये आधार कार्डावरून मोठा केलेला आत्याचा फोटो आणि खाली, तिच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले स्वतः अण्णाकाका. तिन्ही शब्द खोटे होते. आत्या प्रेमळ नव्हती. मनमिळाऊ होण्याचा तिनं उभ्या जन्मात प्रयत्नही केला नाही. आणि कुणी तिला तोंडावर मातृतुल्य म्हटलं असतं, तर ‘तुल्य म्हणजे काय ते आधी सांग’ म्हणून तिनं त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. आठवड्याभरात त्या फ्लेक्सवर कुठल्याशा क्लासची जाहिरात चढली, ते एका परीनं बरंच झालं.

आत्या माणसांना काडीची किंमत देत नसे, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असे. एवढंच लिहिलं असतं तरी चाललं असतं.

शनिवार पेठेतल्या एका शाळेत तिनं तीसेक वर्षं भूगोल शिकवला. मी सातवीत तिच्या वर्गात होतो. सख्खा भाचा म्हणून सवलत मिळेल या आशेनं पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर बसलो आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर गेलो. तोंडी परीक्षेत मुलाचं उत्तर संपलं की ती चष्म्यावरून बघत विचारायची, “आणखी काही?” ज्याला येत असे तो आणखी सांगायचा. ज्याला येत नसे तो ‘नाही बाई’ म्हणायचा. आणि ज्यानं थाप मारलेली असे तो या दोन शब्दांनीच घामाघूम व्हायचा. तिला थाप पहिल्या वाक्यातच कळलेली असायची. ती फक्त कबूल करायला वेळ देत असे.

ती सगळ्यांना अरे म्हणायची. हेडमास्तरांना, बँकेच्या मॅनेजरला, एकदा सत्काराला आलेल्या नगरसेवकालाही. “अरे, हार घालतोयस की फास?” असं तिनं त्याला माइकसमोर विचारलं होतं. पुण्यात अनोळखी माणसाला अहो म्हणण्याची रीत आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ती म्हणायची, अहो कमवावं लागतं. आमच्या माहितीत ते कमावलेला एकच जण होता, आणि तो घोडा होता.

घोडा तिच्याकडे कसा आला ते मी स्वतः पाहिलं आहे. निवृत्त झाल्यावर ती धायरीच्या शेतावर राहायला गेली. आजोबांनी घेऊन ठेवलेली दीड एकर जमीन, दोन खोल्या, एक विहीर आणि आमच्या घराण्याचा त्या जमिनीतला रस म्हणजे वर्षातून एकदा हुरडा. मी तिचं सामान घेऊन निघालो होतो आणि सिंहगड रस्त्यावर वरातीत अडकलो. पाऊण तास गाडी हलेना. पुढे डीजे, त्यापुढे नाचणारे, आणि मध्ये झूल घातलेला एक पांढरा घोडा, त्यावर काळा चष्मा लावलेला नवरदेव. घोड्याचा पुढचा पाय सुजून खांबासारखा झाला होता. तो त्यावर भार न देता उभा होता, कानाजवळ तो भोंगा वाजत असताना, मान खाली घालून.

आत्या गाडीतून उतरली. नाचणारे आपोआप बाजूला झाले, मास्तरणीच्या चालण्यात तेवढं असतं. ती नवरदेवाला म्हणाली, “उतर.”

“काय झालं, काकू?”

“तुला दोन पाय आहेत ना? धड आहेत ना? मग उतर आणि चालत जा बायको आणायला. आणि तो चष्मा काढ, सूर्य मावळलाय.”

तो खरंच उतरला. घोड्याचा मालक दगडू धावत आला, “बाई, ही रोजीरोटी हाय आमची,” म्हणून हातापाया पडू लागला. त्या दोघांचं रस्त्याच्या कडेला काय ठरलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी घोडा शेतावर होता. दगडू म्हणाला, याचं नाव राजा, वय बारा-तेरा हाय. आत्या म्हणाली, “राजे पुष्कळ झाले,” आणि घोड्यासमोर उभी राहून तिनं अत्यंत गंभीरपणे विचारलं, “अहो, पाय दाखवता का जरा?”

घोड्यानं पाय दिला. त्या दिवसापासून त्याचं नाव अहो.

दगडूला ते झेपेना. “बाई, घोडं हाय ते. त्याला अहो-जाहो कशापायी?”

“परक्यांच्या लग्नात इतकी वर्षं उभे राहिले आणि एका शब्दानं तक्रार केली नाही. तू पाच मिनिटं तरी गप्प राहून दाखव, तुलाही म्हणीन.”

मग अहो जेवले, अहो झोपले, अहोंचं पोट बिघडलंय, असा सतरा वर्षांचा संसार झाला. आत्यानं लग्न केलं नव्हतं. नात्यातल्या बायकांनी यावर करायचे ते सगळे विनोद करून झाले आणि ते सगळे तिच्या कानावर गेले. “त्यांच्या अहोंपेक्षा माझे बरे. खरारा केला की निदान उभे तरी राहतात,” एवढंच ती म्हणाली. खरारा करताना ती त्याला नद्यांची नावं ऐकवायची. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा, नीरा. ब्रशाच्या प्रत्येक फटक्याला एक नदी. घोडा डोळे मिटून ऐकत असे. तिच्या वर्गात इतकं लक्ष देऊन ऐकणारा दुसरा विद्यार्थी मला आठवत नाही.

पुढे शेताच्या समोरच्या अर्ध्या भागावर सोसायटी झाली. तो भाग अण्णाकाकांनी विकला. माझ्या वडिलांच्या पश्चात त्यांचा जो काही हिस्सा होता त्यावर मीही सही केली. आमच्या घराण्यात दोनच प्रकारचे पुरुष निपजतात, एक विकणारे आणि दुसरे विकणाऱ्याला सही देणारे. मी दुसऱ्या प्रकारचा. विकणारा निदान उठून ऑफिसात जातो. सही देणाऱ्याला कागदसुद्धा घरपोच लागतो.

अण्णाकाकांनी व्यवहार आधी उरकला आणि पेढे घेऊन मग तिला सांगायला आले. ‘तुला विचारणारच होतो’ हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. आत्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “आपण बसा. आपल्याला पाणी हवं आहे का?”

सख्ख्या धाकट्या भावाला आपण. अण्णाकाकांना वाटलं बहीण नरमली. ते खूश होऊन पाणी प्यायले. त्यानंतर अकरा वर्षं ती त्यांच्याशी आपणच म्हणून बोलली, आणि त्या मठ्ठ माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं नाव पटावरून कमी झालंय. मला मात्र ती पूर्वीसारखं अरेच म्हणत राहिली. मी एकदा धीर करून विचारलं, सही तर मीही केली होती.

“तू मूर्ख आहेस,” ती म्हणाली. “तो लबाड आहे. मूर्खाला अरे म्हणता येतं.”

मला त्या दिवशी झालेला आनंद मी कुणाला समजावून सांगू शकलेलो नाही.

सोसायटीतल्या लोकांबद्दल काय सांगावं. त्यांनी गॅलरीतून हिरवं दिसतं म्हणून जादा पैसे मोजून फ्लॅट घेतले आणि राहायला आल्यावर त्या हिरव्यातून माशा येतात अशी तक्रार केली. रविवारी पोरांना ‘हॉर्सी’ दाखवायला आणायचे, सेल्फी काढायचे, आणि सोमवारी लिदीचा वास येतो म्हणून अर्ज लिहायचे. एकदा कमिटीचे पाच जण आले. अध्यक्षांनी फार अदबीनं सुरुवात केली, “मॅडम, ॲनिमल इश्यूबद्दल थोडं डिस्कस करायचं होतं.”

आत्या भरड भिजवत होती. घोड्याचे दात गेल्यापासून त्याला हरभऱ्याची भरड आणि कोंडा भिजवून लागत असे. मान वर न करता ती म्हणाली, “अरे, वासाचं ना? तुमच्या पार्किंगमध्ये चेंबर तुंबलंय महिनाभर. अहोंनी अजून तक्रार केलेली नाही.”

याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहत. नवऱ्याला नावानं हाक न मारणाऱ्या शेवटच्या काही बायकांपैकी. त्या रोज सकाळी गॅलरीत येऊन खाली फिरायला गेलेल्या नवऱ्याला खणखणीत आवाजात ओरडायच्या, “अहो, चहा झालाय!” आणि इकडे शेडमध्ये घोडा मान वर करायचा, कान टवकारायचा आणि एक लांब खिंकाळी द्यायचा. नवरा मात्र ढिम्म. सगळी सोसायटी या प्रकाराला हसायची. आत्या हसायची नाही. “हाक मारल्यावर बघणारा एकच आहे त्या इमारतीत, आणि तो इमारतीत राहत नाही,” असं तिचं मत होतं.

मागचा अर्धा भाग तेवढा राहिला होता. त्याच्या सातबाऱ्यावर तिचंही नाव असल्यामुळे तिच्या सहीवाचून तो विकता येत नव्हता आणि ती म्हणाली होती, “अहो असेपर्यंत नाही.” झालं. तेव्हापासून आमचं सगळं घराणं एका घोड्याच्या मरणाची वाट बघू लागलं. शिकली-सवरलेली, मुलं अमेरिकेत असलेली माणसं फोनवर आडून आडून विचारायची, “तब्येत कशी आहे?” आत्या म्हणायची, “माझी की त्यांची? नीट विचार.” अण्णाकाकांनी तर घोडा किती वर्षं जगतो हे मोबाईलवर शोधून ठेवलं होतं. घोडा तिशीला आला तेव्हा ते अस्वस्थ झाले, आपली कुणीतरी फसवणूक करतंय असं त्यांना वाटू लागलं.

आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं रखडलं होतं, कारण घोड्याजवळ कोण थांबणार. शेवटी मी म्हणालो, मी थांबतो.

“तू?” असं म्हणून तिनं माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. पण दुसरं कुणी नव्हतं. तिनं मला सूचना दिल्या. “ते उभेच असतात. आडवे झाले तर समज वेळ आली, मग ते उठायचे नाहीत. घाबरायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. डोकं मांडीवर घ्यायचं आणि बोलत राहायचं.”

“काय बोलायचं?”

“काहीही. नद्या म्हण. तुला तेवढंच येतं.” मग जरा थांबून म्हणाली, “एकटे जाता कामा नयेत. बाकी काही नाही.”

कर्वेनगरला माझ्या घराजवळच्या दवाखान्यात माझ्या बायकोनं तिला नेलं. मी सकाळी नऊला शेतावर पोचलो. घोड्याला भरड दिली, त्यानं ती अर्धी खाल्ली. साडेदहाला माझा ऑफिसचा कॉल होता. शेडमध्ये माशा होत्या, रेंज नव्हती आणि लिदीचा वास होता. मी गाडीत जाऊन एसी लावून बसलो. वीस मिनिटांचा कॉल दीड तास चालला. त्यात माझी तीन वाक्यं होती, ती कुणीच ऐकली नाहीत. मी परत गेलो तेव्हा घोडा आडवा होता. डोळे उघडे, मान शेडच्या दाराकडे वळवलेली. जमिनीवर त्याच्या पायांनी अर्धवर्तुळ खरवडलं होतं, म्हणजे बराच वेळ गेला असावा. मी डोकं मांडीवर घेऊन बघितलं. ते गार पडायला लागलं होतं.

मग मी जे माझ्यासारखा माणूस करतो ते केलं. अण्णाकाकांना फोन केला.

ते अर्ध्या तासात आले, चेहऱ्यावर दुःख बसवून. विहिरीजवळच्या कोपऱ्यात, जांभळाखाली पुरायचं असं आत्यानं कधीचंच सांगून ठेवलं होतं. जेसीबी आला. तीन फुटांवर दात खडकाला लागले आणि किंचाळले. जेसीबीवाला म्हणाला, “काळा पाषाण हाय साहेब. ब्रेकर आणावा लागंल, उद्या-परवा.” तोवर गॅलऱ्या भरल्या होत्या. अध्यक्ष खाली येऊन वासाचं बोलू लागले. अण्णाकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, “मेलेली जनावरं नेणारी गाडी असते, तासाभरात येईल. इथे नुसता ढीग करून ठेवू मातीचा. तिच्या डोळ्याला पट्टी असणार. तिला काय कळतंय?”

मी हो म्हणालो नाही. मी नाहीही म्हणालो नाही. अण्णाकाकांनी फोन लावला, आणि तासाभरात गाडी आली. साखळी लावून त्याला ओढताना ती झुलीच्या दिवसांतली पांढरी मान गाडीच्या फळीवर आपटली, तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. याच कामात मी वाकबगार आहे.

संध्याकाळी आत्या आली. ढिगासमोर उभी राहिली, एका डोळ्यानं पाहत. मी पाठ केलेलं बोललो. शांतपणे गेले, डोकं मांडीवर होतं, नद्या म्हणत होतो.

“कुठल्या?”

“मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा.”

“नीरा राहिली,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, “आणखी काही?”

“नाही.”

पुढच्याच आठवड्यात तिनं कागदावर सही केली. कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही. अहो असेपर्यंत नाही म्हणाली होती, अहो नव्हते. अट एकच, जांभळाखालचा कोपरा मोकळा ठेवायचा. बिल्डरनं छातीवर हात ठेवून शब्द दिला. अण्णाकाका मला कोपरखळी मारून हसले, आणि मीही हसलो. त्या हसण्यासाठी मला कुणी कधी बोललं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तिच्या खोल्या शेवटी पाडायच्या होत्या, त्यामुळे ती तिथेच राहिली. मी दर रविवारी जात होतो. ती त्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसलेली असे. मी तिला भाजी, औषधं, रेडिओचे सेल नेऊन देई, इकडचं तिकडचं बोले. निघताना ती दर वेळी म्हणायची, “आणखी काही?” म्हाताऱ्या माणसाची सवय, असं मी स्वतःला सांगायचो. आठ महिने म्हणजे पस्तीसेक रविवार. पस्तीसेक वेळा मी म्हणालो, नाही.

मग प्लॅन बदलला. पाण्याची टाकी कुठे घ्यायची, तर नेमकी जांभळाखाली. मला वाटलं आत्या आकांत करील, बिल्डरला दारात उभं करणार नाही. ती फोनवर एवढंच म्हणाली, “खणू दे. तू ये मात्र.”

रविवार होता. जेसीबीनं मातीचा ढीग दोन घासांत उचलला. मग मुरूम. मग तोच आवाज, तीन फुटांवर, खडकावर दात घासल्याचा. खड्ड्यात काही नव्हतं. अण्णाकाका घाईघाईनं जेसीबीवाल्याशी बोलायला पलीकडे गेले. आत्यानं खड्ड्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, दोन्ही डोळ्यांनी, ऑपरेशन उत्तम झालेल्या.

“धायरीत किती फुटांवर पाषाण लागतो ते मी तुला सातवीत शिकवलं होतं,” ती म्हणाली. “ब्रेकर न आणता इतका मोठा घोडा तीन फुटांत मावला कसा, हे मला त्याच संध्याकाळी विचारता आलं असतं. विचारलं नाही. म्हटलं, अण्णा खोटं बोलेल, हा मूर्ख आहे, हा सांगेल.”

मी खड्ड्याकडे बघू लागलो.

“ते जाऊ दे. नेलं ते नेलं. एकच सांग. डोकं तरी मांडीवर होतं ना?”

हो म्हणणं अगदी सोपं होतं. मी आठ महिने तेच म्हणत आलो होतो. तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू मिटत गेलेलं मी पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ वाईट गोष्टी पाहिल्या नाहीत, पण ती पाहिली.

“बरं,” ती म्हणाली. पदर सारखा केला. खुर्चीची घडी घातली. मी ती घ्यायला हात पुढे केला तर तिनं ती दुसऱ्या हातात घेतली.

“आपण निघा आता,” ती म्हणाली. “ऊन वाढेल. आपल्याला लांब जायचंय.”

त्यानंतर ती शनिवार पेठेत एका जुन्या मैत्रिणीकडे राहायला गेली आणि वर्षभरानं तिथेच वारली. मी दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा मला पाणी मिळालं, बसायला सांगितलं गेलं, येण्याबद्दल आभार मानले गेले. आणखी काही, असं तिनं विचारलं नाही. पण मला ती आठवते ती त्या रविवारची. घडीची खुर्ची काखेत धरून ती खोल्यांकडे चालली होती, पाठमोरी, न थांबता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या आणि नेहमीसारख्या ओरडल्या, “अहो, चहा झालाय!” आत्या जागच्या जागी थबकली. तिनं मान वर केली आणि जिथे शेड होती त्या रिकाम्या जागेकडे बघत ती उभी राहिली, खिंकाळी ऐकू येईल म्हणून.